जाताना भाव, येताना माल

आमच्या घरात वाटेवरच्या खरेदीचा एक नियम आहे. जाताना नुसता भाव विचारायचा, माल घ्यायचा तो येताना. नियम माझ्या सासऱ्यांचा. बडोद्यात, बाजव्याजवळच्या रिफायनरीत उभी हयात घालवलेला माणूस, वाया जाणाऱ्या प्रत्येक थेंबावर त्यांचा डोळा असायचा. तीन वर्षांपूर्वी ते गेले, नियम मात्र घरातच राहिला. परवा सासूबाईंनी चष्मा लावला, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि यादी लिहायला बसल्या. कोकम, कुळीथ, आठळ्या, पांढरा कांदा. मे महिना उजाडला की आम्ही गाडीनं चिपळूणला, माझ्या माहेरी जातो, आणि त्या आधी आठ दिवस ही यादी सुरू होते.

"आजी, आ बधुं ऑनलाइन मिळतं," दहावीतली आमची मुलगी मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाली.

"तिथे भाव फिक्स असतो," सासूबाई म्हणाल्या. आमटीत मीठ नाही हे ज्या सुरात सांगावं, त्या सुरात.

वासण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये या दिवसांत दुपारी नळाला येणारं पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं. पडदे ओढलेले, पंखा फुलवर, आणि खाली सोसायटीत केसर आंब्यांच्या हातगाडीवाल्याशी कोणीतरी हुज्जत घालत असतं. हे सगळं मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण ती यादी दिसली की माझा डावा खांदा आपोआप आखडतो. सतरा वर्षं झाली, तरी आखडतो. त्या खांद्याला एकदा वापी ते चिपळूण आणि चिपळूण ते बडोदा एक निळं प्लॅस्टिकचं पिंप टेकलेलं होतं.

लग्नानंतरचा तो माझा पहिला उन्हाळा. गाडी लहान, गॅसवर चालणारी. अशा गाडीच्या डिकीत गॅसचं नळकांडं आडवं पडलेलं असतं आणि उरलेल्या जागेत फार तर चपला राहतात. म्हणजे सामान माणसांनी पोटाशी घ्यायचं. पुढे मिलिंद, माझा नवरा, गाडी चालवायला. त्याच्या शेजारी सासरे. मागे डावीकडे सासूबाई आणि उजवीकडे, मिलिंदच्या बरोबर पाठीमागे, मी. पहाटे निघालो तेव्हा आमच्या दोघींच्या मधे फक्त पुऱ्यांचा डबा आणि पाण्याचं कॅन होतं. वापीजवळ रस्त्याच्या कडेला एक टेम्पो उभा होता, कारखान्यातून आलेली, किंचित वाकडी झालेली प्लॅस्टिकची भांडी वजनावर विकत होता. तिथे सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला.

"हे येताना नसेल," ते म्हणाले. "आणि कोकम ठेवायला काहीतरी लागेलच."

म्हणून पिंप. पन्नास लिटरचं, झाकणासकट. ते मागच्या सीटवर मधोमध उभं केलं, वरून पट्टा आवळला, आणि त्या क्षणापासून मला सासूबाई दिसेनाशा झाल्या. त्यांचा नुसता आवाज यायचा. त्यांनाही मी दिसत नसणार. नवीन सुनेला सासू दिसू नये ही तशी चैनच म्हणायची, पण पुढच्या प्रवासात त्या चैनीचं काय झालं ते सांगते.

त्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सासूबाई दांडिया बाजारातल्या. त्यांच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि दोन्ही भाषा सारख्याच तिखट. अशा बडोदेकर मराठी माणसांना एक सोय आपोआप मिळालेली असते. गुजराती दुकानदारापुढे ते आपसांत मराठीत बोलतात. दांडिया बाजारात ही युक्ती चालत नाही, तिथला भाजीवाला "ताई, सांभळतोय मी", म्हणजे ऐकतोय, असं म्हणतो. पण शहर सोडलं की चालते. आणि महाराष्ट्रात शिरलं की ते भाषा फिरवतात. तिथे विकणारा मराठी, म्हणून आपसांत गुजराती.

भरूचच्या पुढे नर्मदेच्या पुलावर तेव्हा हमखास वाहतूक तुंबायची, नवा मोठा पूल झालेला नव्हता. जाताना आम्ही तिथे दीड तास अडकलो. खारे शेंगदाणे विकणारा एक माणूस गाड्यांच्या रांगेतून फिरत होता. सासऱ्यांनी काच खाली केली, भाव विचारला, काच वर केली. तो पुढे गेला, ट्रकपर्यंत जाऊन परत आला, पुन्हा काच खाली. "आता बघ, पाच उतरवेल," सासरे मराठीत म्हणाले. "तोंड फिरवून बस सगळ्यांनी." आम्ही चौघांनी तोंडं फिरवली. मीही फिरवली. त्यानं पाच उतरवले. तेव्हा मला हसू आलं आणि आपण या माणसांच्या कटात सामील आहोत असं वाटून छान वाटलं. दाणे अर्थातच घेतले नाहीत. येताना.

हद्दीवरचा तलासरीचा नाका ओलांडला आणि गाडीतली भाषा बदलली. अगदी सहज, कुणी ठरवलेलं नव्हतं. डहाणूच्या चिकूवाल्यापाशी सासूबाई म्हणाल्या, "वधारे कहे छे, आगळ चालो," आणि पिंपाच्या त्या बाजूनं मला मराठीत समजावून सांगितलं, "जास्त सांगतोय गं तो." मी "हो का" म्हटलं.

मला कळलं होतं. मला गेल्या दिवाळीपासून गुजराती कळत होती. घरकाम करायला येणाऱ्या शांताबेन, शेजारच्या ओट्यावर दुपारी पापड वाळवणाऱ्या बायका, दूधवाला, इतके शिक्षक फुकट मिळाल्यावर न शिकायला मी काही मठ्ठ नव्हते. मग सांगितलं का नाही? सुरुवातीला खात्री नव्हती म्हणून. आणि नंतर, खरं सांगते, सोडवलं नाही म्हणून. घरातली तिघं माझ्यासमोर माझ्याबद्दल गुजरातीत बोलायची, आणि त्यात वाईट फारसं नसायचंच. एकदा सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "रोटली मारा करतां सारी करे छे." माझ्यापेक्षा पोळ्या छान करते! मराठीत मला त्यांनी तोवर "जरा जाड झाल्या" एवढंच सांगितलेलं होतं. ही असली कौतुकं चोरून ऐकायची सवय लागली, आणि फुकटात मिळालेली वस्तू हातची सोडायची नाही हे तर मी याच घरात शिकले.

पनवेलला सासऱ्यांच्या आतेभावाकडे मुक्काम करून सकाळी निघालो. पनवेलच्या पुढे तेव्हा गॅसचे पंप नव्हते, म्हणजे पेट्रोल जाळायचं. सासऱ्यांनी लगेच हात पुढे करून एसी बंद केला. "पेट्रोल पितो तो," ते म्हणाले. चारी काचा खाली. मे महिन्याचा गोवा रस्ता, समोर डांबराचे टँकर, आत धूळ आणि डिझेलचा धूर, आणि वारा इतका की बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. त्या ओरडण्यातच मला ते ऐकू आलं.

माझ्या नोकरीचा विषय होता. मी बीएस्सी, बीएड. लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी एकच गोष्ट विचारली होती, मुलगी नोकरी करेल, चालेल ना? आणि सगळ्यांनी चालेल म्हटलं होतं. एप्रिलमध्ये घराजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यासाठी माझी मुलाखत झाली. मला निवडलं. मेअखेर होकार कळवायचा होता. मी मिलिंदला विचारलं, तो म्हणाला, "करच तू. मी आहे ना." त्या "मी आहे ना"वर मी महिनाभर तरंगत होते. मनातल्या मनात आठवीचा ऑक्सिजन तयार करण्याचा धडा दोनदा शिकवूनही झाला होता.

"निशाळवाळाने हमणां हा नथी पाडवानी," पिंपापलीकडून सासूबाई ओरडल्या. शाळेला इतक्यात होकार द्यायचा नाही. ऑगस्टमध्ये नणंदेचं बाळंतपण बडोद्याला व्हायचं होतं, घरात माणूस हवं होतं.

"पगार शुं मळशे?" सासरे पुढून ओरडले. "रिक्शामां ज जतो रहेशे." पगार मिळून मिळणार किती, तो रिक्षातच जायचा.

"एक छोकरुं आवशे एटले बधुं भूली जशे," सासूबाई म्हणाल्या. एक पोर झालं की सगळं विसरेल.

मी पिंपाला टेकून डोळे मिटले. गाडी खड्ड्यातून गेली, पिंपाची कड खांद्यात रुतली. मी मिलिंदच्या डोक्याची मागची बाजू पाहत होते, कानामागचा घाम आणि नुकत्याच कापलेल्या केसांची रेघ. मी त्याच्या उत्तराची वाट पाहिली. त्यानं आधी समोरचा टँकर ओलांडला. मग तो ओरडला, "हा आई, हुं एने समजावी दईश. घरे जईने."

मी समजावतो तिला. घरी गेल्यावर.

मला आजही कळत नाही त्या क्षणी मी दार उघडून उतरले का नाही. उतरणार कुठे, हाही प्रश्न होताच. माझ्या उजव्या बाजूला रस्ता पळत होता, डावीकडे निळं प्लॅस्टिक, पुढे नवऱ्याची सीट, पायाखाली पाण्याचं कॅन. आणि तोंड उघडायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं की मी सहा महिने तुमचं सगळं ऐकतेय. मीच लपून बसले होते, आणि बाहेर यायची वाट मीच बंद केली होती. राग आला होता, अपमान वाटला होता, आणि या सगळ्याच्या तळाशी एक अगदी बारीक, हट्टी गोष्ट टोचत होती. शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर होती. मी पायी जाऊन, घड्याळ लावून पाहिलं होतं. रिक्षाचा प्रश्नच नव्हता, आणि हे त्यांना सांगता येत नव्हतं.

वडखळला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकत होत्या. वर्षभरानं दिसल्या होत्या. मी म्हटलं, "एक घेऊ या ना."

"येताना," सगळे एकदम म्हणाले, या वेळी मराठीत.

पुढे ताडगोळे होते. मग फणस, मग करवंदांचे द्रोण घेऊन उभ्या बायका. सासरे प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवायचे, भाव विचारायचे, मान हलवायचे आणि डायरीत लिहायचे. मला त्या करवंदवाल्या बाईकडे बघवेना. ती उन्हात धावत काचेपाशी आली होती आणि आम्ही तिच्याकडून नुसता आकडा घेऊन निघालो. गाडी हलल्यावर ती हात कमरेवर ठेवून आमच्याकडे बघत राहिली.

माहेरी चार दिवस राहिलो. आईनं घावणे केले, मी खाल्ले. तिनं विचारलं, "जूनपासून शाळा ना?" मी "हो" म्हटलं. मिलिंद समोरच बसून आंबा चोखत होता, त्यानंही मान हलवली. इतकी सहज हलवली की माझ्या हातातला घास हातातच राहिला. रात्री माजघरात आईशेजारी पडले तेव्हा सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तिनं माझ्या वडिलांना सांगितलं असतं, त्यांनी सासऱ्यांना विचारलं असतं, आणि मग माझं भांडण माझं राहिलं नसतं. मी कूस बदलली. मिलिंदशी एकांतात बोलायला त्या घरात जागा नव्हती, आणि जागा असती तरी मी काय विचारणार होते? तू मराठीत एक बोलतोस आणि गुजरातीत एक, हे मला कसं कळलं?

परतीचा प्रवास म्हणजे त्या डायरीची अंमलबजावणी. इथे आमच्या नियमातली गोम सांगायला हवी. जाताना जो माल रस्त्याच्या डाव्या हाताला असतो तो येताना उजव्या हाताला असतो. गोवा रस्ता तेव्हा अरुंद होता, पलीकडे जाता यायचं. पण पनवेलच्या पुढे मोठा रस्ता, मधे दुभाजक. चिकू पलीकडे, भोपळी मिरच्या पलीकडे, सगळं दिसतंय आणि काही हाती येत नाही. "तो बघ, तोच तो," सासरे बोट दाखवायचे, आणि गाडी पुढे जायची. इतकी वर्षं ते या रस्त्यानं जा-ये करत होते. एवढा हिशेबी माणूस, पण रस्त्याला दोन बाजू असतात हे त्यांनी कधी नियमात धरलंच नाही. मी धरलं होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं. वडखळच्या माळाही गेल्या त्या गेल्याच. आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार, बांबूवर नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या.

पण त्या आधी, महाडच्या अलीकडे, कोकमवाले काका भेटले.

झापांचा मांडव, पुढे बाकडं, बाकड्यावर कोकमाचे ढीग. काका सत्तरीचे असतील, अंगात गंजीफ्रॉक, बाजूला पाण्याची बाटली. जाताना याच मांडवापाशी सासऱ्यांनी भाव लिहून घेतला होता. आता काकांनी तोच भाव सांगितला आणि पाच किलो हवं म्हटल्यावर वजनकाटा पुढे ओढला. घासाघीस सुरू झाली. काका मराठीत "नाही परवडत हो" म्हणत होते, सासरे मराठीत "एवढं घेतोय, काहीतरी करा" म्हणत होते, आणि सासूबाई बाजूला उभ्या राहून गुजरातीत सूचना देत होत्या.

"आ काका थाकेला छे. पकडी राखो, आपी देशे."

थकलेत हे. धरून ठेवा, देऊन टाकतील.

काकांनी कोकम भरता भरता मान वर केली नाही. पिशवीला गाठ मारली, ती काट्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "थाकेलो तो छुं, बेन. पण भाव आ ज छे."

थकलोय खरा. पण भाव हाच आहे.

 मग त्यांनीच, आमची अवघडलेली तोंडं पाहून, मराठीत सांगितलं, "बावीस वर्षं सुरतेत लूमवर काढली. पोरं तिथेच आहेत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उपकारही नव्हता. सासऱ्यांनी सांगितला तो भाव दिला, निमूटपणे दिला, आणि कोकम पिंपात ओतलं. काकांनी मला पाणी विचारलं. मी प्यायले.

गाडीत बसल्यापासून सासूबाईंचं एकच चालू झालं, या वेळी मराठीत आणि हलक्या आवाजात. "काय वाटलं असेल हो त्यांना? थकलेला म्हटलं मी. आधी काही बोललो का आपण? भिकारडा मांडव म्हटलं का मी? जाताना म्हटलं होतं बहुतेक." सासरे म्हणाले, "जाऊ दे आता." थोड्या वेळानं पुन्हा, "नाही, म्हटलं होतं मी." त्या खरंच कष्टी झाल्या होत्या. सासूबाई वाईट बाई नव्हेत, हे मला त्या पिंपाआडून ऐकताना मनापासून पटलं, आणि त्यामुळे माझं काम आणखीच अवघड झालं. एका अनोळखी माणसासमोर एक वाक्य निसटलं तर यांची ही दशा, मग माझ्यासमोर निसटलेल्या वर्षाचं काय करतील?

पण काकांचा तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. त्यांनी कुणाला चोर ठरवलं नाही, तुम्ही असं कसं बोललात असं विचारलं नाही. ऐकलं, खरं होतं तेवढं मान्य केलं आणि आपला भाव सांगितला. इतकंच. मी रात्रभर पनवेलच्या त्या बैठ्या खोलीत, चार जणांच्या रांगेत पडून, मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मराठीत जुळवली की ती रडकी व्हायची.

दुसऱ्या दिवशी तलासरी मागे पडलं, तशी गाडी मराठीत आली. अंकलेश्वर सोडलं आणि नर्मदेच्या पुलावर पुन्हा अडकलो. दुपारचे तीन. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला कठडा आणि खाली उन्हात चकाकणारी नदी. गाडी पुन्हा गॅसवर असल्यानं एसी चालू, काचा बंद. पिंप कोकमानं आणि तांदळानं गच्च भरलेलं, माझ्या मांडीवर आंब्याची पेटी, पायाखाली फणस. कोकमाचा आंबट वास गाडीभर. मला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं.

"तुझ्या शाळेचं घरी गेल्यावर बोलू हं निवांत," पिंपापलीकडून सासूबाई म्हणाल्या. गोड आवाजात. "मिलिंद सांगेल तुला सगळं."

मी पुढच्या ट्रकच्या पाटीकडे बघत म्हणाले, "बाबा, निशाळ आपणा घरेथी चालीने सात मिनिट थाय. रिक्शा नहीं जोईए. ने जूनथी हुं जवानी छुं."

शाळा चालत सात मिनिटांवर, रिक्षा नको, आणि जूनपासून मी जाणार. माझं ते पहिलं गुजराती बोलणं. उच्चार चिपळूणचे होते.

  सासऱ्यांनी मागे वळायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबले.  सासूबाई आता एकेक गाव मागे जात असणार, पनवेल, वडखळ, महाड, आणि मग त्याही मागे, घर, दिवाळी, संक्रांत, माझ्या समोर कधी काय बोललो ते शोधत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि मी देवाचे आभार मानले. मला कुठेही जाता येत नव्हतं, पण पहिल्यांदाच त्या गाडीतल्या कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. पुढचा ट्रक दोन हात सरकला. मागून हॉर्न वाजले. मिलिंदनं गिअर टाकला नाही.

मग सासूबाईंचा आवाज आला. मराठीत, जरासा घोगरा. "सकाळचे डबे कोण करणार?"

 या घरात दहा महिने राहून मला एवढं नक्की ठाऊक होतं, की जे घ्यायचं नसतं तिथे ही माणसं गाडी पुढे काढतात. घासाघीस करतात ती घ्यायचं ठरल्यावरच.

"मी," मी म्हणाले. "पाचला उठून."

"ऑगस्टमध्ये?"

"एक महिना रजा घेईन. विचारून ठेवलंय."

"आणि पापड-लोणच्यांचं?"

"रविवारी."

भरूच गेलं, करजण आलं. पुलावर सुरू झालेली ती घासाघीस करजणच्या टोलनाक्यापर्यंत चालली. मी बरंच दिलं, गरजेपेक्षा जास्तच दिलं असं आता वाटतं. पाचला उठायची ती सवय आजही सुटलेली नाही, आणि तेव्हा इतकी भराभर हो म्हणाले नसते तर बरं झालं असतं. पण जूनमध्ये मी शाळेत गेले. अजून जाते. सासूबाई सोसायटीत सगळ्यांना सांगतात, आमची सून सायन्स शिकवते. गुजरातीत सांगतात, आणि मी ते समोर बसून ऐकते.

त्यानंतर आमच्या घरात गुप्त भाषा उरली नाही. कुणाला काही लपवून बोलायचं झालं की ते गच्चीत जाऊ लागले. सुरुवातीचे दोन महिने जेवताना इतकी शांतता असायची, की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. चोरून ऐकलेली ती कौतुकंही बंद झाली. तीही मला हवी होती, हे मी कुणाला सांगू शकले नाही.

मिलिंदचं राहिलं. पुलापासून घरापर्यंत तो नुसता गाडी चालवत होता. वासण्याला पोचलो, सासू-सासरे वर गेले, आणि आम्ही दोघं ते पिंप सीटवरून ओढून काढायला लागलो. ते जड होतं, दारात अडकलं. तो आत वाकून ढकलत होता, मी बाहेरून ओढत होते, आणि आमच्या मधे ते. तिथून, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "मी समजावणारच होतो त्यांना. खरंच. घरी येऊन."

तो मराठीत बोलत होता. तो आवाज अगदी खरा वाटत होता, एप्रिलमध्ये "मी आहे ना" म्हणाला होता तितकाच खरा. मी ओढायचं थांबवलं.

"कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

त्यानं पिंप सोडलं, घाम पुसला आणि वॉचमनला हाक मारली.